शंभर मायक्रोलीटरमधलं गणित

1993 साल. लॉस एंजेलिसमधल्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाच्या एका प्रयोगशाळेत सत्तेचाळीस वर्षांचे एक गणिती पिपेट धरायला शिकत होते. शिकवणारे होते निकोलस चेल्यापोव्ह. समोर बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या नळ्या होत्या आणि त्यांत पाण्यासारखं काहीतरी. त्या पाण्यात डीएनए आहे हे नळीवरच्या चिठ्ठीवरून मानायचं, कारण डोळ्यांना काहीच दिसत नाही.

शिकणाऱ्यांचं नाव लेनर्ड ॲडलमन. संगणकशास्त्रात तोवर त्यांचं नाव पक्कं झालेलं होतं. 1977 मध्ये एमआयटीत रॉन रिव्हेस्ट आणि आदी शामीर नवनवी सांकेतिक कुलपं बनवून आणत आणि ॲडलमन ती फोडून दाखवत. असं चाळिसाहून जास्त वेळा झालं. अखेर एक कुलूप त्यांनाही फोडता आलं नाही. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्याला आरएसए म्हणतात. आपण ऑनलाइन पैसे पाठवतो तेव्हा गुपित राखण्याच्या कामात ते वर्षानुवर्षं राबत आलं आहे. वर्णानुक्रमानं ॲडलमन यांचं नाव पहिलं यायला हवं होतं, पण आपण फार काही केलेलं नाही असं म्हणून त्यांनी ते शेवटी टाकायला लावलं. पुढे 1983 मध्ये फ्रेड कोहेन नावाच्या त्यांच्या विद्यार्थ्यानं स्वतःच्या प्रती काढत पसरणारा प्रोग्रॅम लिहिला, तेव्हा त्याला ‘व्हायरस’ म्हणायचं ॲडलमन यांनीच सुचवलं.

संगणकातल्या विषाणूचं बारसं करणारा हा माणूस प्रयोगशाळेत आला तो मात्र खऱ्या विषाणूच्या मागावर. एचआयव्ही शरीरातल्या सीडी-4 या पांढऱ्या पेशी मारतो. ॲडलमन यांना या पेशींच्या आकडेवारीत एक गणिती खोच दिसली. शरीर टी-पेशींची, म्हणजे या जातीच्या पांढऱ्या पेशींची, एकूण संख्या कायम राखतं, पण त्यांतल्या सीडी-4 किती आणि सीडी-8 किती हे त्याला कळत नसावं. म्हणजे विषाणूनं सीडी-4 मारल्या की भरपाईत दोन्ही प्रकारच्या पेशी तयार होणार, आणि हळूहळू सीडी-8 ची गर्दी होऊन सीडी-4 ना जागाच उरणार नाही. ही कल्पना त्यांनी एड्सच्या संशोधकांपुढे मांडली. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. या लोकांशी त्यांच्याच भाषेत बोलता आलं पाहिजे असं ॲडलमन यांनी ठरवलं आणि जीवशास्त्र मुळापासून शिकायला घेतलं.

साठच्या दशकात बर्कलीला शिकताना जीवशास्त्राबद्दल त्यांचं मत फार बरं नव्हतं. फ्रिजमधल्या वासट वस्तूंचं शास्त्र, इतकंच. आता पाहतात तर सगळा खेळ चार अक्षरांचा. ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन, सायटोसीन, म्हणजे ए, टी, जी, सी. या चार अक्षरांच्या लांबच लांब ओळी आणि त्या ओळींवर चालणाऱ्या क्रिया. गणितज्ञाला हे परकं कसं वाटेल?

एका रात्री ते अंथरुणात पडून जेम्स वॉटसन आणि सहलेखकांचं ‘मॉलिक्युलर बायॉलॉजी ऑफ द जीन’ वाचत होते. डीएनए पॉलिमरेज या एन्झाइमचं वर्णन आलं. हे एन्झाइम डीएनएच्या एका धाग्यावरून सरकत जातं, एकेक अक्षर वाचतं आणि शेजारच्या नव्या धाग्यावर त्याचं जोडीदार अक्षर लिहितं. ए दिसला की टी, जी दिसला की सी. वाचणारे कितीतरी विद्यार्थी या परिच्छेदावरून पुढे गेले असतील. ॲडलमन उठून बसले. ॲलन ट्युरिंगनं 1936 मध्ये कागदावर कल्पिलेलं यंत्रही हेच करतं. एका पट्टीवरून सरकतं, चिन्ह वाचतं, नियमाप्रमाणे चिन्ह लिहितं. आजवरचा कुठलाही संगणक जे करू शकतो ते तत्त्वतः त्या साध्या यंत्राला करता येतं. शेजारी पत्नी लोरी होत्या. हे रेणू गणितं करू शकतील, असं ॲडलमन यांनी तिथल्या तिथे बायकोला सांगून टाकलं. मग रात्रभर झोप नाही.

इथे थोडं थांबून एक गोष्ट नोंदवतो. ट्युरिंगच्या यंत्रासारखं पॉलिमरेज चालवायचं, ही कल्पना ॲडलमन यांनी पुढे सोडून दिली. झोप उडवणारी कल्पना एक आणि प्रयोगात उतरलेली दुसरीच, असं शोधांच्या इतिहासात बऱ्याचदा दिसतं. नवं रेण्वीय यंत्र बांधत बसण्याऐवजी त्यांनी जीवशास्त्रज्ञांच्या टेबलावर आधीच कोणती हत्यारं पडलेली आहेत ते पाहिलं. जोडीदार अक्षरं एकमेकांना चिकटतात. लायगेज नावाचं एन्झाइम दोन तुकड्यांची टोकं जोडतं. पॉलिमरेज प्रती काढतं. जेलमधून वीज सोडली की तुकडे लांबीनुसार वेगळे होतात. आणि हवी ती अक्षरं कागदावर लिहून कंपनीला धाडली की काही दिवसांत तसा डीएनए नळीत भरून परत येतो. एवढ्या सामानात गणित मांडायचं होतं.

गणितही नीट निवडायला हवं होतं. दोन अधिक दोन करून कुणी दचकलं नसतं. ॲडलमन यांनी असा प्रश्न घेतला की ज्यापुढे संगणकही टेकीला येतात. काही शहरं आहेत, त्यांच्यामध्ये काही एकेरी विमानमार्ग आहेत. ठरलेल्या शहरातून निघून, प्रत्येक शहराला एकदाच आणि फक्त एकदाच भेट देत, ठरलेल्या शहरात पोचता येईल का? एकोणिसाव्या शतकात आयर्लंडचे शाही खगोलशास्त्रज्ञ विल्यम रोवन हॅमिल्टन यांनी याच धर्तीचा एक खेळ काढला होता. खेळ बाजारात चालला नाही, मार्गाला नाव मात्र हॅमिल्टनचं राहिलं. ऐकायला प्रश्न पोरकट वाटतो. पण पहिलं आणि शेवटचं शहर ठरलेलं असताना वीस शहरांचे क्रम लावायचे तर मधल्या अठरा शहरांच्या 6,400 लाख कोटींहून जास्त मांडण्या होतात. नकाशातले मार्ग पाहून त्यांतल्या पुष्कळ छाटता येतात, तरीही शहरं वाढतील तसा हा डोंगर आवाक्याबाहेर जातो. प्रत्येक वेळी हमखास लवकर उत्तर देणारी पद्धत आजवर कुणालाही सापडलेली नाही, आणि ती सापडणं शक्य आहे की नाही हेही कुणाला सिद्ध करता आलेलं नाही.

ॲडलमन यांचा नकाशा सात शहरांचा होता, त्यात चौदा मार्ग. शहरांना नावंही नाहीत, शून्य ते सहा असे क्रमांक. शून्यातून निघायचं, सहावर पोचायचं. कागद समोर ठेवला तर तुम्हा-आम्हाला मिनिट-दोन मिनिटांत उत्तर सापडेल. पण नळीतल्या पाण्याला ते सापडतं का, हा खरा प्रश्न होता.

आता त्यांची युक्ती पाहा. माझ्या मते या सगळ्या कहाणीतला सर्वांत सुंदर भाग तो हाच. प्रत्येक शहराला वीस अक्षरांचं एक नाव दिलं. नावं अर्थपूर्ण नव्हती, वाटेल तशी निवडलेली होती. दोन क्रमांकाच्या शहराचं नाव टी-ए-टी-सी-जी-जी असं सुरू व्हायचं आणि वीस अक्षरांवर संपायचं. दहा अक्षरं पूर्वार्ध, दहा उत्तरार्ध. मग विमानमार्गांना नावं दिली. दोनहून तीनला जाणाऱ्या विमानाचं नाव म्हणजे शहर दोनचा उत्तरार्ध आणि त्याला जोडून शहर तीनचा पूर्वार्ध. तीनहून चारला जाणारं विमान असेल तर तीनचा उत्तरार्ध आणि चारचा पूर्वार्ध. मार्ग एकेरी आहे हेही त्यात आपोआप आलं, कारण डीएनएच्या धाग्याला दिशा असते आणि तीनहून दोनला जायचं तर अक्षरं निराळी पडतात.

दोनहून तीनला आलेलं विमान आणि तीनहून चारला निघालेलं विमान यांची गाठ कशी घालायची? त्यासाठी शहर तीनच्या नावाचा जोडीदार धागा बनवला, म्हणजे जिथे ए तिथे टी, जिथे जी तिथे सी. हा धागा पहिल्या विमानाच्या शेपटीला चिकटतो आणि दुसऱ्या विमानाच्या तोंडालाही. दोघं शेजारी येऊन टेकतात आणि लायगेज त्यांचा सांधा जुळवून टाकतं. एक प्रवास तयार झाला, दोन ते तीन ते चार. त्या प्रवासाच्या टोकाला पुढचं विमान, त्याच्या पुढे आणखी एक. ज्या दोन शहरांत विमानच नाही त्यांना जोडणारा तुकडा नळीत टाकलेलाच नाही, त्यामुळे खोटा प्रवास घडायला जागा नाही.

हे सगळे तुकडे एका नळीत एकत्र केले. एकूण द्रव 100 मायक्रोलीटर, चमचाभराचा पन्नासावा भाग. त्यात प्रत्येक मार्गाच्या सुमारे 30 लाख कोटी प्रती. लायगेज घातलं आणि खोलीच्या तापमानाला चार तास ठेवून दिलं. नळीत बुडबुडा नाही, रंग नाही, हालचाल नाही. पण आत तीस-तीस लाख कोटी तुकडे एकमेकांना धडकत होते, जुळत होते, सुटत होते, आणि त्या नकाशावर जे जे प्रवास शक्य आहेत ते एकाच वेळी घडत होते. बरोबर उत्तर बहुधा पहिल्या सेकंदातच तयार झालं असावं, असं ॲडलमन यांनी नंतर लिहिलं.

अडचण एवढीच की चुकीची उत्तरंही तयार झाली होती, आणि ती बरोबर उत्तराहून कितीतरी जास्त. कुणी शून्याऐवजी भलत्याच शहरातून निघालं होतं. कुणी मध्येच थांबलं होतं. कुणी एक आणि दोन यांच्यातच घिरट्या घालत बसलं होतं. संगणक उत्तर पडद्यावर दाखवतो, इथे ते गाळून काढायचं होतं. पुढचे दिवस गेले ते या गाळण्यात.

पहिली चाळणी पॉलिमरेजची. शून्यानं सुरू होणाऱ्या आणि सहानं संपणाऱ्या धाग्यांच्याच झपाट्यानं प्रती निघतील अशी पीसीआर ही प्रती वाढवण्याची क्रिया लावली. बाकीचे उरले, पण गर्दीत हरवून गेले. दुसरी चाळणी लांबीची. सात शहरं, प्रत्येकी वीस अक्षरं, म्हणजे खरं उत्तर 140 अक्षरांचं असणार, एक कमी नाही की जास्त नाही. जेलमध्ये वीज सोडून नेमका 140 चा पट्टा कापून घेतला. तरी 140 अक्षरांत एखादं शहर दोनदा आणि एखादं एकदाही नाही असं असू शकतंच. म्हणून तिसरी चाळणी, आणि तीच सगळ्यांत किचकट. लोखंडी कण असलेल्या बारीक मण्यांना शहर एकच्या नावाचा जोडीदार धागा चिकटवला. ज्या प्रवासात शहर एक आहे तो त्या मण्याला धरून बसतो. नळीला चुंबक लावायचं, मणी एका बाजूला जमतात, बाकीचं धुऊन टाकायचं. धरून बसलेले सोडवायचे आणि पुन्हा तेच शहर दोनसाठी. मग तीन, चार, पाच. या एका पायरीला टेबलाशी उभं राहून पूर्ण दिवस गेला. प्रत्येक धुण्याबरोबर हवा असलेला रेणूही नालीत वाहून जाण्याची भीती होतीच, आणि तो गेला की नाही हे बघायला डोळा उपयोगाचा नाही.

शेवटी जे उरलं असेल त्याच्या प्रती वाढवल्या आणि उत्तर वाचायला घेतलं. वाचण्याची पद्धतही गणितीच. शून्यापासून एकपर्यंतच्या तुकड्याची प्रत काढली तर ती किती लांब? शून्यापासून दोनपर्यंत? असं करत सहापर्यंत. शहरं त्याच क्रमानं आली असतील तर जेलमध्ये पट्टे 40, 60, 80, 100, 120 आणि 140 वर दिसले पाहिजेत. पट्टे तिथेच दिसले. शून्य, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. नकाशावर हाच एकमेव मार्ग होता. शहरांना क्रमांक देतानाच उत्तर ओळीत येईल असे दिलेले होते. प्रयोगशाळेत घालवलेले दिवस एकूण सुमारे सात.

‘सायन्स’च्या 11 नोव्हेंबर 1994 च्या अंकात चार पानांचा निबंध आला, लेखक एकटे ॲडलमन. त्यातल्या आकड्यांनी लोकांचे डोळे विस्फारले. एक ज्यूल ऊर्जेत असे 2×10^19 सांधे जुळू शकतात असा त्यांचा हिशेब होता. त्या काळचे महासंगणक तेवढ्याच ऊर्जेत जेमतेम 10^9 क्रिया करत. उष्मागतिकीचा दुसरा नियम जी अंतिम मर्यादा घालून देतो ती 34×10^19, म्हणजे हे एन्झाइम मर्यादेच्या बऱ्यापैकी जवळ जाऊन पोचलेलं. साठवणीचंही तसंच. कोरड्या अवस्थेत एक घन सेंटिमीटर जागा व्यापणाऱ्या एक ग्रॅम डीएनएत एक लाख कोटी सीडी-तबकड्यांचा मजकूर मावेल. प्रिन्स्टनचे रिचर्ड लिप्टन यांनी 1995 मध्ये दाखवलं की हीच रीत तर्कशास्त्रातल्या कूटप्रश्नांनाही लावता येते. त्यांनी आणि डॅन बोने, ख्रिस्तोफर डनवर्थ यांनी त्या काळच्या डीईएस या सरकारमान्य सांकेतिक कुलपाची किल्लीही नळीत शोधता येईल याचा आराखडा मांडला. आरएसएमधला ‘ए’ असलेल्या माणसानं कुलपांच्या दुनियेत उठवलेली ही दुसरी खळबळ. एप्रिल 1995 मध्ये प्रिन्स्टनला या विषयाची पहिली परिषद भरली, आणि गणिती, रसायनशास्त्रज्ञ, संगणकवाले प्रथमच एका खोलीत बसले.

त्याच वर्षी कॉर्नेलच्या युरिस हार्टमॅनिस यांनी एक छोटासा हिशेब केला. प्रश्न किती वेळात सुटतो याचं शास्त्र ज्यांनी उभं केलं त्यांपैकी हे एक, म्हणून त्यांच्या हिशेबाला वजन. आणि हिशेब होता तो वजनाचाच. ॲडलमन यांच्या रीतीनं सातऐवजी 200 शहरांचा प्रश्न सोडवायचा झाला तर सगळे प्रवास घडायला किती डीएनए लागेल? उत्तर आलं, पृथ्वीच्या वजनापेक्षा जास्त. डोंगर कुठे गेलाच नव्हता. संगणकात तो वेळेच्या रूपात उभा राहतो, नळीत तो वस्तुमानाच्या रूपात उभा राहिला.

ॲडलमन यांनी लगेच हार मानली नाही. 2002 मध्ये त्यांच्या गटानं वीस चलांचा आणि चोवीस अटींचा तर्कप्रश्न सोडवला. रविंदरजित ब्राइच, चेल्यापोव्ह, पॉल रोथमंड हे त्या गटात होते. 10,48,576 शक्यतांतून एकच बरोबर असलेली शक्यता त्यांनी डीएनएकडून निवडून घेतली. जेल भरलेल्या काचेच्या नळ्यांतून रेणू वाहत होते, थंड टोकाला अट पूर्ण करणारे अडकत होते, गरम केल्यावर सुटून पुढच्या अटीकडे जात होते. विजेच्या संगणकाशिवाय सोडवलेला तोवरचा सगळ्यांत मोठा प्रश्न तो. आणि त्या प्रयोगाच्या निबंधातच त्यांनी सरळ लिहिलं की मोठी तांत्रिक मुसंडी मारल्याखेरीज अशा प्रश्नांत डीएनए विजेच्या संगणकाशी स्पर्धा करील अशी आशा धरायला आधार नाही. स्वतःच सुरू केलेल्या शर्यतीबद्दल असं लिहायला मोठं मन लागतं. त्याच वर्षीचा ट्युरिंग पुरस्कार त्यांना रिव्हेस्ट आणि शामीर यांच्याबरोबर मिळाला, पण तो आरएसएसाठी.

शर्यत संपली म्हणून विषय संपला असं पुष्कळांना वाटलं. मला वाटतं, तो तिथे खरा सुरू झाला. डीएनए हा जलद संगणक आहे का, हा प्रश्न मागे पडला आणि दुसरा पुढे आला. रेणूंना पाळायला लावता येईल असा प्रोग्रॅम लिहिता येतो का?

कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे कॅलटेकमध्ये, एरिक विनफ्री हा विद्यार्थी त्या दिवसांत हेच घोळत होता. न्यूयॉर्क विद्यापीठातले स्फटिकशास्त्रज्ञ नेड सीमन 1982 पासून डीएनएच्या फांद्या फोडून त्यांची जाळी विणायच्या मागे होते. विनफ्री यांच्या लक्षात आलं की जाळीतला प्रत्येक तुकडा ही एक फरशी मानली आणि ती शेजारच्या फरशा बघून आपली जागा ठरवत असेल, तर फरशी बसणं हीच एक गणिती पायरी झाली. 2004 मध्ये रोथमंड, निक पापाडाकिस आणि विनफ्री यांनी हे करून दाखवलं. नियम इतकाच की खालच्या दोन फरशा सारख्या असतील तर शून्याची फरशी बसेल, वेगळ्या असतील तर एकची. या नियमानं पास्कलच्या त्रिकोणातल्या सम-विषम संख्यांची नक्षी उमटते. आपल्या छंदःशास्त्रातल्या मेरुप्रस्तारात हाच त्रिकोण आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ती नक्षी दिसली, पण शंभरातल्या एक ते दहा फरशा चुकीच्या बसलेल्या. 2019 पर्यंत डेमियन वूड्स, डेव्हिड डॉटी, विनफ्री आणि सहकाऱ्यांनी चूक तीन हजारांत एकीच्या खाली आणली. 355 फरशांच्या एकाच संचातून निवड करून त्यांनी सहा अंकी द्विमान, म्हणजे फक्त शून्य आणि एक वापरून लिहिलेली, संख्या तिनानं भागली जाते का, अशी गणितं रेणूंकडून करून घेतली.

पण कहाणीतला दुसरा थरार मला वाटतो तो 2011 चा, कॅलटेकमध्येच. विनफ्री आता प्राध्यापक होते आणि त्यांच्याबरोबर लुलू छ्येन. दोघांना लायगेज नको होतं, पॉलिमरेज नको होतं, मधे मधे धुणंपुसणं नको होतं. नळीत संख्या टाकायची आणि नळीतूनच वर्गमूळ मिळवायचं.

याला लागणारी युक्ती 2000 साली बेल लॅब्जमध्ये बर्नार्ड युर्के आणि सहकाऱ्यांनी वापरून दाखवली होती. त्यांनी डीएनएचा एक चिमटा बनवला, तो डीएनएच टाकून मिटायचा आणि उघडायचा. गंमत अशी. दोन धागे एकमेकांना चिकटलेले आहेत, पण एकाचं टोक थोडं मोकळं सोडलेलं आहे. तिसरा धागा येतो. त्याला त्या मोकळ्या टोकावर पाच-सहा अक्षरांपुरता आधार मिळतो. एसटीत बाकाच्या कडेवर टेकायला मिळालेला प्रवासी जसा सरकत सरकत आधीच्याला उठवतो, तसा हा एकेक अक्षर जुळवत आत सरकतो आणि आधीचा धागा सुटून पाण्यात तरंगू लागतो. सुटलेला धागा आता मोकळा आहे. तो पुढच्या ठिकाणी जाऊन हेच करू शकतो. एका धाग्याची हकालपट्टी हाच पुढच्या पायरीला मिळालेला निरोप.

आता तर्कद्वार, म्हणजे आलेले संकेत बघून ठरल्या नियमानं उत्तर देणारी पायरी, कसं बनवायचं? छ्येन आणि विनफ्री यांनी मोजमापाचा आधार घेतला. समजा प्रत्येक संकेत म्हणजे एक माप धागे. दोन संकेत एकत्र येतात आणि वाटेत काही धागे गिळून टाकणारा एक सापळा असतो. सापळा 1.2 मापांचा ठेवला तर एकटा संकेत पूर्ण गिळला जातो. दोन्ही आले तरच 2 वजा 1.2, म्हणजे 0.8 माप पुढे निसटतं. हे झालं ‘आणि’. सापळा 0.6 चा ठेवला तर एकट्या संकेतातूनही 0.4 निसटतं. हे झालं ‘किंवा’. निसटलेलं जे काही असेल ते इंधन म्हणून घातलेल्या धाग्यांच्या मदतीनं पुन्हा पूर्ण मापापर्यंत वाढवलं जातं. म्हणजे द्वार तेच, फक्त सापळ्याचं प्रमाण बदलायचं. याचा आणखी एक फायदा झाला. डीएनएची द्वारं थोडी गळतात, बोलावलं नसताना एखादा धागा सुटतो. ती गळती पुढच्या सापळ्यात गिळली जाते आणि चूक साचत जात नाही.

उरली ‘नाही’ची अडचण. संकेत नसेल तर उत्तर दे, असं रसायनाला सांगता येत नाही. संकेत येणार नाहीये की अजून यायचा आहे, हे नळीतल्या द्वाराला कसं कळावं? ते आधीच उत्तर देऊन मोकळं होतं, आणि सुटलेला धागा परत घेता येत नाही. म्हणून प्रत्येक अंकासाठी दोन वेगळे धागे ठेवले. एक सांगतो ‘हा अंक शून्य आहे’, दुसरा सांगतो ‘हा अंक एक आहे’. गप्प राहणं म्हणजे शून्य नाही, गप्प राहणं म्हणजे अजून काही कळलेलं नाही. तसं केल्यावर ‘नाही’ हे द्वारच लागत नाही, दोन धाग्यांच्या भूमिकांची अदलाबदल केली की झालं.

या विटांनी त्यांनी 130 धाग्यांची रचना उभी केली. आत टाकायची चार अंकी द्विमान संख्या, म्हणजे शून्य ते पंधरामधली कुठलीही. बाहेर येणार तिचं वर्गमूळ, अपूर्णांक सोडून, दोन द्विमान अंकांत. नऊ टाकायचे तर 1001 सांगणारे चार धागे नळीत सोडायचे. मग थांबायचं. उत्तराच्या चार धाग्यांना चार रंगांचे चमकणारे रेणू जोडलेले. वेळ जाईल तसा यंत्राच्या पडद्यावर दोन रंगांचा आलेख वर चढू लागतो आणि दोन रंग तळाशी पडून राहतात. पहिला अंक एक, दुसरा अंक एक, म्हणजे तीन. पंधरा टाकले तरी तीनच, आठ टाकले तर दोन. सगळ्या सोळा संख्या तपासल्या आणि सोळाही उत्तरं बरोबर आली.

एकेका उत्तराला कित्येक तास लागले. शाळकरी मूल हे गणित तोंडी करतं, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यांच्या दृष्टीनं महत्त्वाचं होतं ते वेगळंच. ॲडलमन यांच्या नळीत डीएनएनं सगळ्या शक्यता ओतल्या होत्या आणि निवडायचं काम माणसानं पिपेट हातात घेऊन केलं होतं. छ्येन यांच्या नळीत संख्या गेल्यापासून उत्तर येईपर्यंत कुणी हात लावलेला नव्हता. त्याच वर्षी त्या दोघांनी जेहोशुआ ब्रुक यांच्यासह डीएनएचं चार चेतापेशींचं जाळं बनवलं. 2018 मध्ये छ्येन आणि केव्हिन चेरी यांनी हस्ताक्षरातले आकडे ओळखणारी नळी करून दाखवली. पुण्यात बसून बँकेचा चेक वाचायला ती कुणी घेणार नाही, हे उघड आहे. पण जिथे तारा नेता येत नाहीत आणि जिथे संकेत मुळातच रेणूंच्या रूपात फिरत असतात, अशा पेशीच्या आतल्या जागेसाठी निर्णय घेणारं काहीतरी हवं असेल तर ते रेणूंचंच असावं लागेल.

तिथे पोचायला वाट बरीच आहे. काचेच्या नळीतलं पाणी स्वच्छ असतं. पेशीत परके डीएनए तोडून टाकणारी एन्झाइम्स टपलेली असतात आणि हजारो जातींच्या रेणूंची दाटी असते. शिवाय त्या वर्गमुळाच्या नळीचं आणखी एक होतं. सापळे भरून गेले, इंधन खर्ची पडलं, सुटलेले धागे तरंगत राहिले की तिचं काम संपलं. नऊचं वर्गमूळ निघाल्यावर दहाचं हवं असेल तर तीच 130 धाग्यांची रचना पुन्हा दुसऱ्या नळीत मांडायची, धागे पुन्हा मापून घालायचे आणि पुन्हा तितकेच तास थांबायचं.